ओळखीचा ठेकेदार आणि कोरा कागद

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका वास्तुशांतीला गेले होते. पंगत उठल्यावर सगळे गच्चीवर सावली धरून बसले आणि सांगलीत हल्ली चार माणसं जमली की निघतो तोच विषय निघाला. घर बांधायला द्यायचं कुणाला? एका बाजूचं म्हणणं, गावातला ठेकेदार नकोच. उचल घेतो, स्लॅब पडला की दुसऱ्या साइटवर जातो, फोन उचलत नाही. त्यापेक्षा पुण्याची कंपनी बरी, मोबाइलवर रोज फोटो येतात, हमीपत्र मिळतं. दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगत होती की आपल्या माणसाला काम द्यावं, पैसा गावात राहतो, उद्या गळलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. तास-दीड तास हे चाललं. पण काम देताना लिहून काय घ्यायचं, हा प्रश्न त्या वेळात एकदाही कुणाच्या तोंडून आला नाही. जिचं घर, ती यजमानीण सहा महिने रोज दोन वेळा भिंतींवर पाणी मारत होती. तिलाही रेट काय ठरला एवढंच ठाऊक होतं, रेटमध्ये काय धरलंय ते नव्हतं.

माझं मत आधीच सांगते. सांगली-साताऱ्याकडे घर स्थानिक ठेकेदाराकडूनच बांधून घ्यावं. मात्र तोंडी, चौरस फुटाच्या एका आकड्यावर आणि ओळखीच्या भरवशावर कधीही बांधून घेऊ नये. घर बिघडतं ते ठेकेदार गावचा की परगावचा यावरून बिघडत नाही. पायाचा चर खणायच्या आधी, रेट ठरवायच्या बैठकीतच ते बिघडलेलं असतं. आणि त्या बैठकीत मालकही बसलेला असतो.

स्थानिकच का, ते आधी बघू. सांगलीची जमीन बरीचशी काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर आपल्याबरोबर हलवते. कुठल्या भागात मुरूम किती फुटांवर लागतो, कुठला प्लॉट जुना ओघळ बुजवून पाडलाय, हे वीस वर्षं इथेच चर खणत आलेल्या माणसाला ठाऊक असतं. पुराचंही तसंच. 2005, 2019, 2021 असे तीन मोठे पूर या शहराने बघितले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. पुलावर अमुक फूट पाणी म्हणजे आपल्या गल्लीत किती, हा हिशोब सांगलीकराच्या तोंडपाठ असतो. जोतं किती उचलायचं, मीटर आणि स्विचबोर्ड कुठे घ्यायचे, तळमजल्यावर लाकडी कपाटं करायची की नाही, हे असल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या सुपरवायझरला हे समजावून सांगता येईल, पण समजावायला आपल्यालाच आधी माहीत हवं.

बाहेरच्या कंपन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र पुरेपूर खरं आहे. त्या नकाशा देतात. सिमेंट कुठलं, सळई कुठल्या ग्रेडची, फरशी कितीपर्यंतच्या दराची, नळ कुठल्या कंपनीचा, हे पानंच्या पानं लिहून देतात. कुठल्या टप्प्याला किती पैसे तेही लिहिलेलं असतं. माणसं तिकडे वळतात त्याचं खरं कारण हे आहे, मोबाइलवरचे फोटो नव्हेत. पण भिंत बांधायला त्या कंपनीचे गवंडी पुण्याहून येतात का? माझ्या ओळखीच्या एका घराचं काम अशाच कंपनीने घेतलं होतं. सेंट्रिंग कुपवाडच्या माणसाकडे गेलं, बांधकाम विजापूरकडच्या टोळीकडे, फरशीचं काम राजस्थानी कारागिरांकडे. आमच्या गल्लीतला ठेकेदारही हीच माणसं बोलावतो. मधल्या मधे सुपरवायझर तीनदा बदलला. म्हणजे जास्तीचे पैसे गेले ते मुख्यतः कागदासाठी. मग तोच कागद आपण गावातल्या ठेकेदारापुढे का ठेवत नाही?

इथे चौरस फुटाच्या रेटबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. ‘काय रेटने दिलं?’ हा आपला पहिला प्रश्न असतो आणि पुष्कळदा शेवटचाही. पण चौरस फूट मोजायचा कुठून कुठपर्यंत? पोर्च पूर्ण धरायचा की निम्मा? सज्जे धरायचे का? जिन्याची टोपी, पॅरापेट, गच्चीवरची टाकी, शौचालयाची टाकी, कंपाउंडची भिंत या रेटमध्ये आहेत की वेगळ्या? जोतं किती फुटांचं धरलंय? यातलं काहीही न ठरवता दोन ठेकेदारांच्या आकड्यांची तुलना करणं म्हणजे एकाचा किलोचा भाव आणि दुसऱ्याचा पायलीचा भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवणं आहे.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देते. 2019 च्या पुरात जुनं घर गेलं आणि त्याने त्याच जागी नवं बांधायला काढलं, अंदाजे 1000 चौरस फुटांचं. ठेकेदार शाळेतला मित्र. नकाशात जोतं दोन फूट होतं. काम सुरू झालं, शेजाऱ्याने साडेचार फूट उचललेलं दिसलं, भाऊ म्हणाला आपणही चार करू. मित्र ‘करू की’ म्हणाला. दोघांनाही ती बारकी गोष्ट वाटली. आता हिशोब करा. 1000 चौरस फुटांवर दोन फूट जादा भराव म्हणजे 2000 घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक याप्रमाणे 20 ब्रास. भिंतींची जागा वजा केली तरी मुरूम धुम्मस करून बसवायचा म्हणजे ट्रॉल्या तेवढ्याच लागतात. त्यात चारी बाजूंनी दोन फूट जादा बांधकाम, वाढलेले कॉलम, दाराला जादा पायऱ्या. शेवटच्या हप्त्याला मित्राने या सगळ्याचे पैसे मागितले. भाऊ म्हणाला, चौरस फूट तेवढेच आहेत, पैसे कसले? दोघेही आपापल्या जागी खरे होते. रेट ‘चौरस फुटाला’ ठरला होता, आणि उंची चौरस फुटात येत नाही. दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. लोक म्हणाले, ठेकेदाराने फसवलं. मला अजूनही वाटतं, त्यात फसवणूक कुणाचीच नव्हती. एक ओळ लिहायची राहिली होती.

दुसरी गोष्ट घासाघिशीची. समजा तीन ठेकेदारांनी आकडे सांगितले आणि आपण सर्वांत कमी रेटवाल्याला आणखी शंभर रुपये खाली आणलं. 1000 चौरस फुटांच्या घरात लाख रुपये वाचले. हे लाख रुपये कुठून आले? ठेकेदाराच्या नफ्यातून थोडे, बाकीचे घरातून. साध्या घराला चौरस फुटाला साधारण चार किलो सळई आणि अर्ध्या पोत्याच्या आतबाहेर सिमेंट धरतात. चाराच्या जागी साडेतीन किलो सळई घातली तर अर्धा टन वाचतो, डोळ्यांना काहीच दिसत नाही. सळयांना वेढणाऱ्या रिंगा सहा इंचांऐवजी आठ इंचांवर बांधल्या, सळई साच्यापासून उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले, गिलाव्यात सिमेंट हात आखडून घातलं, तरी वास्तुशांतीच्या दिवशी घर सुंदरच दिसतं. ठेकेदाराने हे करू नये, हे बरोबरच. पण ज्या आकड्यात प्रामाणिक काम बसतच नाही तो आकडा आपण हट्टाने मागितला असेल, तर प्रामाणिक माणूस त्या बैठकीतून उठून जातो आणि जो उरतो त्याला आपण काम देतो. मग ‘सगळे ठेकेदार चोर’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

याच जिल्ह्यातला ऊस उत्पादक काट्यासाठी किती भांडला आहे ते आठवा. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याचा विश्वास नाही, बाहेरच्या काट्यावर वजन करून द्या म्हणून तो अडून बसतो. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय आणि ते त्याला पाठ आहे. कारखान्याचा अध्यक्ष त्याच्या ओळखीचा असतो, पुष्कळदा भावकीतलाही असतो. तरी तो काटा तपासतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तोच शेतकरी घर बांधायला काढतो तेव्हा सळईची गाडी काट्यावर नेत नाही, पावती मागत नाही. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणतो. उसाच्या एका खेपेला जो हिशोब लागतो तो आयुष्यभराच्या घराला लागत नाही, हे कसं?

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी कुठे कागद होते, शब्दावर वाडे उभे राहिले. खरं आहे. पण त्या शब्दामागे काय काय उभं होतं तेही बघावं. गावचा सुतार, लोहार बलुतेदार होता. त्याला वर्षाचं बलुतं मिळायचं, त्याची पुढची पिढी त्याच गावात काम करणार होती, आणि वाद झाला तर गोतसभा बसायची. एका घरचं काम बिघडवलं तर साऱ्या गावाशी गाठ होती. त्या व्यवस्थेत अन्यायही भरपूर होता आणि ती परत यावी असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यात शब्दाला तारण होतं, हे नाकारता येत नाही. आज ठेकेदाराच्या चार साइट चार गावांत असतात, मजूर दुसऱ्या राज्यातले, मालक पुण्यात नोकरीला. तारण गेलं, शब्द तेवढा राहिला. त्या शब्दाला आता कागदाचं तारण द्यावं लागेल.

आणि शब्दावर बांधलेलं सगळं टिकलं, हेही खरं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. पाटण तालुक्यातली दगडमातीची घरं मोठ्या संख्येने कोसळली. धरण आणि घर यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. तरी त्या धरणाचा प्रत्येक थर नकाशाप्रमाणे आणि तपासणीखाली चढला होता आणि घरं सवयीप्रमाणे चढली होती, एवढा फरक डोळ्याआड करता येत नाही. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात तेच दिसलं. जाड दगडी भिंती, आतबाहेरच्या थरांना एकत्र धरणारे जोडदगड नाहीत, वर मातीच्या माळवदाचं ओझं. बांधणारे गवंडी त्याच भागातले, लबाडी कुणाचीच नव्हती. नंतरच्या पुनर्वसनात गवंड्यांना मुद्दाम शिकवावं लागलं. प्रामाणिकपणा आणि बरोबर काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला आपल्या भागाने फार मोठी किंमत मोजली आहे.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा. कागद करून तरी काय होतं? कोर्टात वर्षं जातात, स्टॅम्प पेपर कपाटात पडून राहतो. यात तथ्य आहे. शिवाय बऱ्याच जणांना वाटतं की रेरा आपल्या पाठीशी आहे, तर तसंही नाही. रेरा घरं बांधून विकणाऱ्या विकसकासाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला तो लागू नाही. ग्राहक कायदा मात्र लागू होतो. 1993 च्या दुरुस्तीपासून गृहबांधणी ही ‘सेवा’ धरली जाते. 50 लाखांपर्यंतच्या रकमेची तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तोंडी करारही 1872 च्या कायद्याने करारच असतो. पण आयोगापुढे जाऊन सांगणार काय? ‘चांगलं काम करतो म्हणाला होता’? चांगलं म्हणजे किती पोती, किती सळई, कुठली फरशी? आणि मुळात कागदाचं खरं काम कोर्टात नसतंच. ते भावाच्या जोत्यासारख्या दिवशी असतं, जेव्हा दोघं समोरासमोर उभे असतात आणि दोघांनाही आपण काय ठरवलं होतं ते वेगवेगळं आठवत असतं. इथेच स्थानिक असण्याचाही उपयोग होतो. परगावच्या कंपनीशी केलेला करार अमलात आणायला वकील लागतो. गल्लीतल्या ठेकेदाराशी केलेला करार अमलात आणायला दोघांच्या ओळखीचा एक शहाणा माणूस पुरतो, फक्त त्याच्या हातात द्यायला कागद हवा.

दुसरा आक्षेप मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. चांगला मिस्त्री कागदाला बिचकतो. सही मागितली की त्याला वाटतं आपल्यावर संशय घेतला, आणि तो काम सोडतो. आमच्या घराची दुरुस्ती ज्यांनी केली त्या मिस्त्रीकाकांच्या बाबतीत मलाही हीच भीती होती. सातवी शिकलेले, साठी उलटलेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची, घामाने पानं फुगलेली. एकदा सळई कापायच्या आधी त्यांनी ती उघडली. प्रत्येक कॉलमच्या रिंगांची मापं, किती नग, कुठल्या तारखेला किती पोती आली, कुठल्या मजुराला किती उचल दिली, सगळं पेन्सिलने बारीक अक्षरात. मी विचारलं, “काका, एवढं लिहिता, मग आमच्याशी का लिहून केलं नाही?” ते म्हणाले, “ताई, तुम्ही मागितलंच नाही. मालक लोकांनाच नको असतं. लिहिलं की मग त्यांना मधे बदलता येत नाही.”

त्यांच्या बोलण्याने मी गप्प झाले, कारण ते खरं होतं. आम्ही तीनदा बदललं होतं. खिडकी सरकवली, कुणी वास्तूतला जाणकार येऊन गेल्यावर जिन्याची दिशा फिरवली, स्वयंपाकाचा ओटा तोडून पुन्हा घातला. प्रत्येक वेळी त्यांची दोन दिवसांची मजुरी वाया गेली आणि आम्हाला ते जाणवलंही नाही. मजुरांचा पगार शनिवारी होतो. मालकाचा हप्ता मंगळवारवर गेला तर ठेकेदार शनिवारी व्याजाने पैसे आणतो, नाहीतर टोळी सोमवारी दुसऱ्या साइटवर जाते. आपण म्हणतो, ‘काम टाकून पळाला.’ तो पळालेला असतो तिथल्या उचलीसाठी, कारण इथले पैसे आलेले नसतात. लेखी करार ठेकेदाराला बांधतो तसाच तो मालकालाही बांधतो. मालक तो टाळतात यामागे हे कारण बरंचसं आहे, आणि ते आपण कबूल करायला हवं.

लिहायचं तरी किती? नकाशा, कुठल्या कामात काय धरलंय याची यादी, टप्प्याटप्प्याचे पैसे, मधे बदल झाला तर त्याचा दर आणि दोघांची सही, आणि शेवटची थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे. सरकारी कामांत हमी कालावधी आणि अनामत असते, तोच हा प्रकार. त्याच्या जोडीला गरज आहे ती ठेकेदाराच्या पगारावर नसलेल्या इंजिनिअरची, निदान पाया, कॉलम आणि स्लॅबच्या दिवशी. खर्च वाढतो, मान्य. पण स्लॅबच्या दिवशी काय होतं ते मी बघितलंय. सकाळी आठला मिक्सर सुरू झाला, दुपारी ऊन चढलं, काँक्रीट घट्ट वाटायला लागलं, वरून हाक आली, “पातळ सोड रे!” आणि मिक्सरवरच्या पोराने सरळ पाइप धरला. घराच्या नेहमीच्या एम-20 या प्रतीच्या काँक्रीटला 50 किलोच्या एका पोत्यामागे 30 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, असं आयएस 456 हे आपलं मानक सांगतं. त्या पाइपला लिटर नव्हते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पाटी उचलायला हलकी जावी, पसरायला सोपं जावं, एवढंच. त्या वेळी तिथे उभं राहून “पाइप बंद कर, बादलीने मोज” म्हणणारा माणूस लागतो आणि तो मालकाचा मेहुणा असून चालत नाही. बहुतेकांच्या घरात येतं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्याला किमान दहा दिवस ओलावा हवा, हे पाणी मारणाऱ्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. सांगलीत वालचंद, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असा साठ वर्षांहून जुना शिकलेला वारसा ज्या भागात आहे, तिथे काँक्रीटचे ठोकळे भरून तपासून घेणं ही नवलाची गोष्ट वाटू नये.

दुरुस्तीच्या कामात तर चौरस फुटाचा रेट निव्वळ अंधार आहे. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात भिंत उकरल्याशिवाय आत भेंड्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटा आहेत की भाजकी वीट हे कळत नाही. पुराचं पाणी आठवडाभर प्यालेल्या मातीच्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा ओढला की ओल आत कोंडते, आणि खोली मोठी करायची म्हणून काढलेली भिंत कधीकधी वरचा मजला पेलत असते. इथे आधी पाहणी, मग दर, हा क्रम सोडून जो ठेकेदार दारातूनच आकडा सांगतो त्याला नम्रपणे चहा पाजून पाठवावं.

आणि हा भार एकट्या घरमालकावर टाकून चालणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या गरिबाला केंद्राच्या निकषाप्रमाणे 1 लाख 20 हजार मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. काम कुठवर आलं त्याचे जागेच्या नोंदीसह फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. सव्वा लाखाला सरकार ही शिस्त लावतं आणि शेजारचा मध्यमवर्गीय वीस-पंचवीस लाख रुपये वहीच्या पानावरच्या आकड्यांवर देऊन मोकळा होतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी बांधकाम परवान्याबरोबर साध्या मराठीतला दोन पानी नमुना करार हातात द्यावा. सक्ती नको, नुसता नमुना. छापील कागद मधे आला की मागणाऱ्याला संकोच राहत नाही आणि सही करणाऱ्याला अपमान वाटत नाही. सगळेच करतात, एवढं म्हणून दोघंही मोकळे होतात.

मावसभावाला यंदा वरचा मजला चढवायचा आहे. पुष्कळ फिरून, चार कोटेशन घेऊन तो पुन्हा त्याच मित्राकडे गेला, कारण खालचं घर 2021 च्या पाण्यात कोरडं राहिलं होतं आणि चार फुटांचं ते जोतं त्यानेच भरलं होतं. जुन्या वीस ब्रासचा हिशोब निम्मा-निम्मा मिटला. मग दोघं दोन संध्याकाळी वही घेऊन बसले, मीही बसले होते. पहिलं कलम कुठलं घालायचं म्हणून भावाने त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “लिही, पैसे शुक्रवारी.”